नऊ जानेवारीची सनद



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. असरची नमाज आटोपून मी जुन्या नाशिकमधील आमच्या मशिदीच्या हुजऱ्यात बसलो होतो. मोहल्ल्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकते. अलीकडे पदवीच्या मुलांनाही संशोधन प्रकल्प लिहावा लागतो, आणि तिने विषय घेतला होता फातिमा शेख यांचा. सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत त्यांच्यासोबत शिकवणाऱ्या त्या पहिल्या मुस्लिम शिक्षिकेचा. वडिलांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसत होता. मुलीच्या चेहऱ्यावर मात्र संकोच होता आणि हातात एक दोनशे पानी वही होती.

“मौलाना, एक विचारायचं होतं. राग येणार नाही ना?”

“विचार बेटा.”

“दोन वर्षांपूर्वी मकतबच्या कार्यक्रमात तुम्ही सांगितलं होतं, फातिमा शेख यांचा जन्म ९ जानेवारी १८३१ ला झाला. ते तुम्ही कुठे वाचलं होतं?”

मी उत्तर दिले की हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. २०२२ साली ९ जानेवारीला गुगलनेसुद्धा आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावून जन्मदिन साजरा केला होता. खरे उत्तर वेगळे होते. मला ती तारीख मोबाईलवर आलेल्या एका संदेशातून मिळाली होती आणि तो संदेश कुणी लिहिला हे मला ठाऊक नव्हते. हे खरे उत्तर मी लगेच दिले नाही, याची नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते.

तिने वही उघडली. इंटरनेटवरील ज्या ज्या पानांवर ही तारीख आहे, त्यांची यादी तिने केली होती. एकूण बावीस पाने. प्रत्येक नावासमोर दुसरा रकाना होता: ‘यांनी आधार कोणता दिला?’ निम्म्याहून अधिक ठिकाणी तो रकाना कोरा होता. उरलेल्यांनी आधार दिला होता तो याच यादीतील दुसऱ्या पानाचा, आणि त्या पानाने तिसऱ्याचा. तिने पेन्सिलीने बाण काढले होते. बाण फिरत फिरत पुन्हा यादीतच परतत होते. एकोणिसाव्या शतकातील एखादे पत्र, शाळेचा दाखला, जन्मनोंद किंवा वृत्तपत्र यांच्याकडे जाणारा एकही बाण त्या पानावर नव्हता.

“बाई म्हणतात, सगळीकडे आहे तर लिहून टाक. अब्बा म्हणतात, आपल्या माणसांचं आधीच कुणी नाव घेत नाही, त्यात तू आणखी शंका काढू नकोस. मी काय करू?”

मी तिला दोन दिवसांनी ये असे सांगितले. त्या दोन दिवसांत आणि त्यानंतरही मी जो विचार केला, तो आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजला जाणारी मुले-मुली आहेत. हा प्रश्न त्यांच्या टेबलावर रोज येतो, तारीख तेवढी वेगळी असते.

बावीस पाने पाहून मला सर्वप्रथम मदरशातील एक धडा आठवला. हदीसशास्त्रात ‘मुतवातिर’ वृत्त सर्वांत भक्कम मानले जाते, कारण ते इतक्या लोकांनी सांगितलेले असते की त्या सर्वांनी संगनमताने खोटे बोलावे हे संभवतच नाही. परंतु उस्ताद एक अट वारंवार बजावत असत: ही संख्या साखळीच्या प्रत्येक पिढीत असली पाहिजे. आज हजार माणसे सांगत असतील आणि मागे मागे जाता ती सर्व एकाच माणसापाशी येऊन थांबत असतील, तर ते हजारांचे वृत्त नव्हे. ते एकाचेच वृत्त आहे, आणि त्याला ‘गरीब’ म्हणतात, म्हणजे एकाकी, परका. आमच्या मुलीच्या वहीतील वृत्त तर ‘गरीब’ही ठरत नाही, कारण त्या शेवटच्या एका माणसाचे नावही ठाऊक नाही. बावीस साक्षीदार आहेत असे मला वाटत होते. प्रत्यक्षात एका अनामिक आवाजाचे ते बावीस प्रतिध्वनी होते. हा हिशेब करायला मला मदरशात शिकवले होते. केला तो तिने.

येथे शब्दांविषयी थोडे बोलण्याचा मोह होतो; मराठीचा विद्यार्थी असल्यामुळे तो मला आवरत नाही. ‘सनद’ हा शब्द मराठीत आपण जुन्या सरकारी दस्तऐवजासाठी वापरतो. इनामाची सनद, वकिलीची सनद. हदीसची सनद म्हणजे वृत्त सांगणाऱ्यांची साखळी. शब्द एकच आहे, अरबीतला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘ज्यावर टेकता येते ते’ असा आहे. ‘अफवा’ हाही अरबीतूनच आला. तेथे ‘अफवाह’ म्हणजे ‘तोंडे’. सनदेत नावे असतात, अफवेत नुसती तोंडे असतात. आपल्या भाषेने हे दोन्ही शब्द जवळ बाळगले आहेत.

आता फातिमा शेख यांच्याविषयी काय टेकण्याजोगे आहे ते पाहू. सावित्रीबाईंनी जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्या आजारपणामुळे माहेरी होत्या. आपण नसल्याने फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुरणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रकाशित केला. दोघींचे म्हणून ओळखले जाणारे एक जुने छायाचित्रही आहे. पत्रात नाव येते ते केवळ ‘फातिमा’ एवढेच. आधार इतका आहे. तो थोडा आहे, पण ज्या स्त्रीवर सावित्रीबाईंनी शाळेचा भार विश्वासाने टाकला, तिच्याविषयी ते एक वाक्य पुष्कळ काही सांगते.

२०२५ च्या जानेवारीत, त्याच ९ तारखेच्या सुमारास, एका ज्येष्ठ पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख ही व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हती, ते पात्र आपणच रचले होते. आपल्याला तो गदारोळ आठवत असेल. त्या दिवसांत मोहल्ल्यातील तरुण माझ्याकडे येऊन विचारत होते, मौलाना, आता काय उत्तर द्यायचे? त्यांच्यापाशी जन्मतारीख होती, सुंदर रंगवलेली चित्रे होती, लांबलचक चरित्रे होती, आणि त्यांपैकी काहीही त्या क्षणी कामास येत नव्हते. उत्तर दिले ते ज्यांना १८५६ चे पत्र ठाऊक होते त्यांनी. त्या पत्राचा ग्रंथ छापला गेला तेव्हा आजची समाजमाध्यमे जन्मालाही आली नव्हती. मग ते पात्र कालपरवा कुणी रचले असेल कसे, हा साधा प्रश्न पुरेसा होता.

या उदाहरणावरून एक निष्कर्ष लगेच काढता येईल: सत्य शोधा, ते उपयोगी पडते. पण मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. समजा ते पत्र नसते, समजा सत्य शोधल्याने आपली बाजू दुबळीच झाली असती, तर? तेव्हाही तारीख गाळणे बंधनकारक राहिले असते काय? दिव्य कुरआनात सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत ईमानधारकांना न्यायासाठी उभे राहण्याचा, अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी. साक्ष उपयुक्त असावी अशी अट तेथे घातलेली नाही. आणि सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे जाण्यास मनाई करून, कान, डोळे आणि हृदय या सर्वांची विचारणा होईल असे सांगितले आहे. मोबाईलवरचा संदेश पुढे पाठवताना वापरला जातो तो अंगठा. त्याचा हिशेब या तिघांच्या हिशेबात आलाच.

बातमीची शहानिशा म्हटले की आपण सर्वजण सूरह अल्-हुजुरातची सहावी आयत आठवतो. अनाचारी माणसाने वार्ता आणली तर तिची छाननी करा, नाहीतर अज्ञानाने एखाद्या जनसमूहाला इजा पोहोचवाल आणि मग केल्याचा पश्चात्ताप कराल, असा तिचा आशय. तिचा अर्थ कळण्यासाठी आम्हा नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार केले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याच रात्री आमच्या जिल्ह्यातील मालेगावात लहान मुलासह आलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. पोलिसांनी त्यांना वाचवले. मोबाईलवर फिरणाऱ्या त्या संदेशांना कर्ता नव्हता, केवळ तोंडे होती.

परंतु या आयतीचा आपण एक सोयीस्कर वापर करतो, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो. जी बातमी आपल्या विरुद्ध जाते तिच्यासाठी ही आयत काढतो. जी आपल्या बाजूची असते ती गोड मानून घेतो. सांगणारा आपला आहे, भला आहे, मग छाननी कशाला? अशा वेळी माननीय उमर (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. माननीय अबू मूसा अशअरी (रजि.) त्यांच्या दारी आले, तीन वेळा परवानगी मागितली, उत्तर आले नाही म्हणून परतले. विचारणा झाल्यावर त्यांनी सांगितले की असेच करण्याची प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. उमर (रजि.) यांनी त्यावर साक्षीदार आणण्यास फर्मावले, आणि माननीय अबू सईद खुदरी (रजि.) यांनी येऊन साक्ष दिली. अबू मूसा (रजि.) काही अनाचारी नव्हते, ते थोर सहाबी होते. उमर (रजि.) यांनी स्पष्टही केले की संशय तुमच्यावर नाही, पण लोकांनी प्रेषितांच्या नावे काहीही सांगू नये याची चिंता आहे. आपल्या माणसाकडे आधार मागणे म्हणजे त्याचा अपमान, ही समजूत त्या काळी नव्हती.

मुलगी दोन दिवसांनी आली तेव्हा मी तिला ‘तदलीस’ म्हणजे काय ते सांगितले. वृत्त सांगणाऱ्याने मधला दुवा लपवायचा आणि अशी संदिग्ध शब्दरचना करायची की ऐकणाऱ्याला वाटावे, याने थेट थोरल्या गुरूकडूनच ऐकले आहे. तो धादांत खोटे बोलत नाही. तो केवळ एक नाव गाळतो. आणि तरीही शुअबा (रह.) यांच्यासारख्या इमामांनी त्याला असत्याच्या कुळात बसवले. ती लगेच म्हणाली, “म्हणजे मी समग्र वाङ्मय न पाहता, इंटरनेटवरच्या लेखातली तळटीप उचलून माझ्या प्रकल्पात लावली, तर ती तदलीस?” मी म्हणालो, होय, अगदी तीच.

वाचकहो, यावर जरा थांबावेसे वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी विनियम केले. शोधप्रबंध संगणकावर तपासला जातो. दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघाले तर क्षम्य, आणि साठ टक्क्यांच्या वर गेले तर संशोधकाची नोंदणीच रद्द होते. चांगली व्यवस्था आहे. पण संगणकाला नक्कल दिसते, तदलीस दिसत नाही. न पाहिलेल्या ग्रंथाचे नाव, वर्ष आणि पृष्ठांक नीटनेटके लिहिले तर यंत्राची काही तक्रार नसते. त्या ठिकाणी विद्यार्थी आणि त्याचा रब, दोघेच असतात. आमच्या मुलांना आपण कॉपी करू नका असे सांगतो. न वाचलेले वाचले म्हणून दाखवू नका, हे सांगायचे राहून जाते.

मग जे आपण कुणाकडून शिकलो नाही, केवळ कुठेतरी सापडले, ते सांगायचेच नाही काय? आमच्या विद्वानांनी यालाही नाव देऊन ठेवले आहे. इमाम इब्नुस्सलाह (रह.) यांनी ज्ञान प्राप्त करण्याचे आठ मार्ग सांगितले, त्यांतला आठवा ‘विजादा’, म्हणजे सापडणे. एखाद्याच्या हस्ताक्षरातील लिखाण हाती लागले, लिहिणाऱ्याची भेट झाली नाही, तर ते सांगता येते. पण सांगण्याची रीत ठरलेली आहे. ‘त्यांनी मला सांगितले’ असे म्हणायचे नाही; ‘त्यांच्या लिखाणात मला असे आढळले’ असे म्हणायचे. आणि लिखाण त्यांचेच आहे याची खात्री नसेल तर तेही शब्दांतून कळू द्यायचे. मला वाटते, आजचे सारे इंटरनेट म्हणजे एक अफाट विजादा आहे. त्याला तुच्छ लेखणारे काही ज्येष्ठ मी पाहतो. मला ते पटत नाही. भारतातील विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर घरबसल्या वाचता येतात. साहित्य संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. १८८३ साली छापलेले नाशिक जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर, ज्यासाठी पूर्वी एखाद्या ग्रंथपालाची मनधरणी करावी लागे, ते आता मोबाईलवर उघडते. आमच्या मोहल्ल्यातील ज्या मुलींना पुण्या-मुंबईला पाठवण्याची घरच्यांची तयारी नसते, त्यांच्यासाठी हे दार उघडणे ही अल्लाहची कृपाच आहे. अट एवढीच, की सापडलेले ‘सापडले’ म्हणूनच सांगावे.

तिला मी काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगितल्या. काही तिने मला शिकवल्या. संशयास्पद वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घालून शोधले की ते कुठे कुठे उतरवले गेले आहे ते दिसते. सर्वांत जुनी तारीख असलेले पान गाठायचे. विकिपीडियाच्या पानावर ‘इतिहास पहा’ असा एक दुवा असतो. कोणते वाक्य कधी घातले गेले हे त्यातून उलगडते. हे मला ठाऊकच नव्हते. असमाउर्रिजाल, म्हणजे वृत्तनिवेदकांच्या चरित्रांचे जे शास्त्र आम्ही जाड जाड ग्रंथांत शिकलो, त्याचा एक अंश त्या दुव्यामागे होता आणि मी वर्षानुवर्षे त्यावरून बोट फिरवून पुढे जात होतो.

संगणकाशी संभाषण करून उत्तरे देणाऱ्या नव्या यंत्रांविषयी, चॅटजीपीटी आणि त्यासारख्यांविषयी, तिने विचारले. तिच्या वर्गातील बहुतेक मुले आता तेथेच विचारतात. मी तिला अमेरिकेतील प्रकार सांगितला. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी २०२३ मध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात असे न्यायनिवाडे दाखल केले, जे कधी झालेच नव्हते. यंत्राने पक्षकारांची नावे, न्यायालये, क्रमांक सर्व काही सुबक जुळवून दिले होते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. आमच्याकडे इमाम बुखारी (रह.) यांच्याविषयी एक वृत्तांत प्रसिद्ध आहे, की बगदादमध्ये त्यांची परीक्षा घेण्यासाठी शंभर हदीसच्या सनदा मुद्दाम अदलाबदल करून त्यांच्यापुढे वाचल्या गेल्या आणि त्यांनी प्रत्येक सनद आपल्या मूळ मजकुराला लावून दिली. (हा वृत्तांतही इब्ने अदी (रह.) यांनी आपल्या ‘काही शिक्षकांकडून’ ऐकला म्हणून दिला आहे, नावे न देता. सांगायचे म्हणून सांगितले.) यंत्र जे करते ते याहून पुढचे आहे: खरी वाटणारी सनद आणि खरा वाटणारा मजकूर, दोन्ही ते स्वतःच रचू शकते, आणि त्याला ना लाज, ना आखिरतचे भय. त्याला विचारण्यात पाप नाही. त्याला रावी मानणे चूक आहे, कारण रावीची पहिली अट सचोटी आणि दुसरी नेमकी स्मृती. ज्याला उत्तर द्यायचे नाही, त्याची सचोटी कशी मोजणार?

एवढे सारे सांगून झाल्यावर मला आपल्यापुढे एक कबुली द्यायची आहे. मकतबच्या त्या भाषणात मी केवळ जन्मतारीख सांगितली नव्हती. मुलामुलींनी शिकावे म्हणून, ज्ञानासाठी चीनपर्यंत जाण्यास सांगणारी ती सुप्रसिद्ध ‘हदीस’ही मी मोठ्या आवाजात ऐकवली होती. मुलीने त्याविषयी काही विचारले नाही. कदाचित तिला ठाऊक नसावे, कदाचित तिने मला सांभाळून घेतले असेल. मला मात्र रात्री झोप लागली नाही. इमाम बैहकी (रह.) यांनी या वृत्ताची सनद दुर्बल ठरवली आहे आणि इब्ने जौझी (रह.) यांनी तर ते बनावट हदीसच्या संग्रहात घातले आहे. हे मी मदरशात शिकलेलो होतो. भाषण रंगात आले आणि शिकलेले विसरलो. प्रेषित (स.) यांच्या नावे जाणूनबुजून असत्य सांगणाऱ्याचे ठिकाण कोणते, हे सांगणारी हदीस आपणा सर्वांना पाठ आहे. मी जाणूनबुजून सांगितले नव्हते, असे म्हणता येईल. पण जे ठाऊक होते ते आठवण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, आणि सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत प्रेषितवचन आहे, ज्याचा आशय असा, की ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे एवढेही माणूस असत्यवादी ठरण्यास पुरेसे आहे. ज्ञानाची थोरवी सांगायला सूरह अल्-अलकच्या पहिल्या पाच आयती पुरेशा होत्या. हेतू चांगला होता म्हणून मी स्वतःला माफ करत होतो. बनावट हदीस रचणाऱ्यांतही असे लोक होऊन गेले, ज्यांचा हेतू लोकांना पुण्याकडे वळवण्याचाच होता. मुहद्दिसांनी त्यांना तेवढ्यासाठी सोडले नाही.

आता मुलीच्या वडिलांचे म्हणणे. ते मी हलके लेखत नाही, आणि आपणही लेखू नये. ते पुन्हा आले तेव्हा म्हणाले, “मौलाना, ज्यांच्याकडे कारकून होते त्यांच्या जन्मतारखा राहिल्या. गरिबाच्या, बाईच्या, त्यातून मुसलमान बाईच्या कुणी लिहून ठेवायच्या? तुम्ही सनद मागता म्हणजे पुन्हा त्यांनाच मोठं करता.” या युक्तिवादात न्यायाची तळमळ आहे. दफ्तरे स्वतःच अन्यायाने भरलेली असतात, हे खरे आहे.

यावर मी जे उत्तर शोधले ते असे. सनदशास्त्र आपल्याला मौन पाळण्यास सांगत नाही. आपल्यापाशी जी साखळी आहे ती उघड करण्यास सांगते. ‘दुर्बल’ हा शब्द ‘बनावट’ या शब्दाहून वेगळा आहे, आणि मुहद्दिसांनी ही दोन खाती कधी एक केली नाहीत. जन्मतारखेला आधार नाही याचा अर्थ फातिमा शेख नव्हत्या असा होत नाही. रावींच्या चरित्रग्रंथांत थोर थोर विद्वानांच्या जन्माचे वर्ष सापडत नाही. तेथे ते दिलेले नाही, एवढेच, आणि त्यामुळे कुणाचे मोठेपण उणावले नाही. एखाद्या घराण्यात आजीने नातीला सांगितले असेल की आमच्या पणजीने पुण्याच्या त्या शाळेत अक्षरे गिरवली, तर आजीचे नाव, गाव आणि सांगितल्याचा दिवस लिहून ठेवावा. ती सनद झाली. दर्जा काय तो नंतर ठरेल, पण अनामिक संकेतस्थळाहून ती कितीतरी बरी. उलट रिकाम्या जागी आपण एक काल्पनिक तारीख बसवली, तर त्या स्त्रीवर दुसरा अन्याय होतो. जागा भरलेली दिसते आणि शोध थांबतो. मशिदींच्या निकाहाच्या जुन्या नोंदवह्या, शाळांचे हजेरीपट, पेटाऱ्यांतली पत्रे वाळवीच्या तोंडी जात आहेत, आणि आपण दर नऊ जानेवारीला तेच चित्र पुढे पाठवून समाधान मानतो.

अर्थात प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट तपासावी, हे अशक्य आहे. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून औषध घेतो, घड्याळावर विश्वास ठेवून अजान देतो. विश्वासावाचून एक दिवसही ढकलता येणार नाही, आणि शरीअतने सामान्य माणसाला जाणकाराचे ऐकण्याची मुभा दिली आहे. मला वाटते, जबाबदारीची रेषा स्वीकारण्यापाशी नसून सांगण्यापाशी आहे. स्वतःपुरते मानले तोवर मी ऐकणारा आहे. मिंबरवरून सांगितले, प्रकल्पात लिहिले, शंभर जणांच्या गटात पाठवले, की मी रावी झालो आणि रावीचे ओझे माझ्यावर आले. त्यातही जो संशोधक म्हणवतो तो हे ओझे इतरांच्या वतीने उचलतो. फर्जे-किफाया असे आपण ज्याला म्हणतो, काहींनी केले की सर्वांवरचा भार उतरतो, तशातला हा प्रकार मला दिसतो. ती मुलगी वहीत बाण काढत बसली तेव्हा आमच्या सबंध मोहल्ल्याचे एक देणे फेडत होती. माननीय जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी एकाच हदीससाठी उंट खरेदी केला आणि महिनाभर प्रवास करून शाममध्ये माननीय अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांचे दार ठोठावले. वृत्त त्यांच्या कानी आधीच आले होते. पण ते त्यांना ज्याने प्रेषितांकडून ऐकले त्याच्याच तोंडून ऐकायचे होते.

आमच्या मुलीला उंट लागला नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे आणि जुन्या नाशिकहून तेथे जायला रिक्षाला फार वेळ लागत नाही. मी तिला तेथे चौकशी करायला सांगितले. वडील स्वतः घेऊन गेले.

त्यानंतरच्या शुक्रवारी खुत्ब्यापूर्वीच्या मराठी बयानात मी दोन्ही दुरुस्त्या सांगितल्या; आधी हदीसची, मग तारखेची. पहिल्या रांगेतील एका बुजुर्गांनी नमाजनंतर मला बाजूला घेऊन विचारले की हे सर्वांसमोर सांगण्याची काय गरज होती. मी म्हणालो, चूक सर्वांसमोर केली होती. ते समाधानी दिसले नाहीत.

पंधरा दिवसांनी मुलगी प्रकल्पाची मुद्रित प्रत घेऊन आली. जन्माच्या परिच्छेदात तिने लिहिले होते, की ९ जानेवारी १८३१ ही तारीख अनेक संकेतस्थळांवर आढळते, परंतु तिच्यासाठी कोणताही समकालीन आधार प्रस्तुत विद्यार्थिनीला मिळाला नाही. पत्राच्या परिच्छेदाखाली तळटीप होती. तिने आधी ‘सावित्रीबाईंनी लिहिले आहे’ असे टंकले होते. ते पेनने खोडून वर लिहिले होते, ‘माळी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात मला असे आढळले’. परीक्षकांना ही खाडाखोड चालेल का, असे तिने मला विचारले. मी म्हटले, पान पुन्हा छापून घे, शब्द मात्र हेच राहू दे.